मुलांचं शिकायचं सॉफ्टवेअर कुठून घ्यायचं?

प्रश्न : ताई, मुलगी पाच वर्षांची, मुलगा नऊचा. घरच्या लॅपटॉपवर आणि टॅबवर दोघांसाठी काहीतरी चांगलं शिकायचं घ्यायचंय. शोधायला गेलं की शेकडो अ‍ॅप येतात, सगळ्यांनाच साडेचार स्टार, आणि बऱ्याच ठिकाणी तर आधी वर्षाचे पैसे भरा म्हणतात. खात्रीची जागा कुठली? – एक आई

उत्तर : वर्षाचे पैसे आत्ता कुठेच भरू नका, आधी फुकट काय मिळतंय ते बघा. मुलांच्या सॉफ्टवेअरमधे फुकट म्हणजे फालतू असं अजिबात नाहीये, उलट काही सगळ्यात चांगल्या गोष्टी फुकटच आहेत. लॅपटॉपवर जीकॉम्प्री घ्या, २००० सालापासून चालू आहे, २ ते १० वर्षांच्या मुलांसाठी शंभराहून जास्त छोटे खेळ एकाच ठिकाणी, माउस धरायला शिकण्यापासून ते बुद्धिबळापर्यंत, आणि एक जाहिरात नाही. चित्रं काढायला टक्स पेंट. टॅबवर मुलीला खान अकॅडमी किड्स चालेल, ते २ ते ८ वयासाठी आहे, त्यातही जाहिराती नाहीत आणि सबस्क्रिप्शनही नाही.

मुलाला मात्र स्क्रॅच द्याच. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधे बनलेलं, २००७ पासून सगळ्यांसाठी खुलं, साधारण ८ ते १६ वयासाठी, रंगीत ठोकळे जोडत जोडत पोरं स्वतःचा गेम बनवतात, आणि डाउनलोड करून घेतलं की नेट नसतानाही चालतं. मुलीसाठी त्याचंच धाकटं भावंड आहे, स्क्रॅच ज्युनिअर, ५ ते ७ वयाचं. आणि विज्ञान-गणितासाठी फेट ही साइट बघा, नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मधे कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेलं, अपूर्णांक, तराजू, बॅटरी-बल्बचं सर्किट असं सगळं स्क्रीनवर हाताने करून बघता येतं. नऊ वर्षाच्या मुलाला अपूर्णांक नुसता वाचून कळत नाही हो, तुकडे हलवून बघितले की कळतो, म्हणून मला हे फार आवडतं.

हे महिनाभर वापरा, मग लक्षात येईल नक्की काय कमी पडतंय, वाचन की पाढे की आणखी काही, आणि पैसे फक्त तेवढ्यासाठीच घालवा.

आता विकत कुठून. टॅबसाठी अधिकृत स्टोअरमधला मुलांचा विभागच. अ‍ॅपलकडे त्यात वयाचे तीन गट आहेत, ५ आणि खाली, ६ ते ८, ९ ते ११. गूगल प्लेवर २०२० पासून शिक्षकांनी तपासलेल्या अ‍ॅपना वेगळा बॅज असतो, तो शोधा. स्टारवर जाऊ नका, ते मोठी माणसं देतात, मूल काय शिकलं ते त्यात कुठेच दिसत नाही. त्यापेक्षा कॉमन सेन्स मीडियावर त्या अ‍ॅपचं परीक्षण वाचा, ही ना-नफा संस्था २००३ पासून हेच काम करते, कुठल्या वयाला योग्य, जाहिराती किती, आत खरेदी करायला किती ढकलतात, सगळं लिहिलेलं असतं.

लॅपटॉपसाठी थेट बनवणाऱ्याच्याच साइटवर जा. मधल्या डाउनलोड साइटवर मोठ्ठं हिरवं बटण बऱ्याचदा जाहिरातच असते आणि सोबत नको ते टूलबार बसतात. बनवणाऱ्याच्या साइटवर ट्रायल आहे का, एकदाच पैसे की दरवर्षी, किती डिव्हाइसवर चालतं आणि दोन मुलांची दोन प्रोफाइल होतात का एवढं बघा. ट्रायल नसेल आणि पैसे परत मिळायचीही सोय नसेल तर सोडून द्या, तसलंच दुसरं कुठेतरी मिळतं. ट्रायल घेतली तर ती संपायच्या दोन दिवस आधीचा रिमाइंडर त्याच क्षणी लावा, आणि हे पक्कं लक्षात ठेवा की अ‍ॅप डिलीट केल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही, स्टोअरच्या अकाउंटमधे जाऊन ते वेगळं कॅन्सल करावं लागतं. खरेदीला पासवर्ड लावून ठेवा आणि तो मुलांना सांगू नका, कितीही मागितला तरी.

प्रश्न : आमच्या लहानपणी होत्या तशा शैक्षणिक सीडी सेकंडहँड स्वस्तात मिळतायत, मुलांसाठी घेऊ का? – एक बाबा

उत्तर : लगेच घेऊ नका. लॅपटॉपला सीडी ड्राइव्ह नसणं ही छोटी अडचण, ती बाहेरून जोडता येते. खरी अडचण अशी की त्या काळातले बरेच प्रोग्राम किंवा निदान त्यांचे इन्स्टॉलर १६-बिटचे, म्हणजे फार जुन्या विंडोजसाठी बनवलेले, आहेत आणि आजच्या ६४-बिट विंडोजवर ते सुरूच होत नाहीत. आधी जुने खेळ आजच्या कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या स्कमव्हीएम नावाच्या फुकट प्रोग्रामची, त्यात काय काय चालतं ती यादी बघा, मुलांच्या बऱ्याच जुन्या सीडी त्यातून छान चालतात, तुमची सीडी यादीत असेल तरच घ्या. काही जुने खेळ स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानातही नव्याने विकायला आहेत, आणि तिथे घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मागता येतात, त्यामुळे पहिल्या दिवशीच मुलांसोबत बसून तासभर चालवून बघा.