पाय मोडला, कारवाला वीस हजारांत मिटवा म्हणतो

प्रश्न : शेंद्र्याजवळ उलट्या बाजूने आलेल्या कारने भावाच्या मोटारसायकलला धडक दिली. मांडीचं हाड मोडलं. हेल्मेट नव्हतं. कारवाला वीस हजार देतो, पण पोलिसांत जाऊ नका म्हणतो. – एक वाचक, सातारा

उत्तर : कशावरही सही करू नका! रॉड बसवणं, बुडालेली मजुरी, पुढे रॉड काढणं; वीस हजारांत यातलं काय भागणार? आधी फिर्याद द्या. दवाखान्याच्या कागदांवर ‘एमएलसी’ (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवायचं प्रकरण) नोंद हवीच, नाहीतर विमा कंपनी अपघातावरच शंका घेते. मग मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली साताऱ्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करा. कायद्यातली मुदत अपघातापासून ६ महिने. भरपाई कारच्या थर्ड पार्टी विम्यातून मिळते. मूळ बिलं, एक्स-रे जपा. हाड जुळल्यावर कायमचं अपंगत्व राहिलं तर टक्केवारीचा दाखला घ्या. हेल्मेटचा दंड वेगळा. त्यामुळे पायाची भरपाई बुडत नाही.