घरी मेणबत्त्या आणि साबण करताना सुगंधी तेल किती घालायचं, याचा हिशोब कसा करतात?

तुम्ही लिहिलंय की मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरचा दुकानदार म्हणाला, "वास येईपर्यंत घाला." तुम्हाला हवंय ते एक किलो सोया वॅक्सला (सोयाबीनच्या तेलाचं मेण) आणि एक किलो ग्लिसरीनच्या सोप बेसला (नुसता वितळवून साच्यात ओतायचा तयार साबण) किती मिली, ते.

आधी मिली विसरा, ग्रॅम धरा. संत्र्याचं तेल १० मिली घेतलं तर वजन भरतं जेमतेम साडेआठ ग्रॅम, लवंगेचं भरतं १० च्या वर. आणि नाकावर तर अजिबात जाऊ नका. गरम मेणाच्या पातेल्याशी दहा मिनिटं उभं राहिलं की नाक बधिर होतं. माझी जाऊ आणि मी मुलुंडच्या स्वयंपाकघरात हे सगळं करतो. आत येणारा दारातूनच म्हणतो "काय घमघमतंय", आणि आम्हाला दोघींना काहीच येत नसतं.

आता टक्के. गोंधळ होतो तो "कशाचे टक्के" इथे. मेणबत्तीत टक्के मेणाच्या वजनावर काढतात. १ किलो मेण, ६ टक्के, म्हणजे ६० ग्रॅम तेल. पण ग्लासात एकूण २०० ग्रॅम माल मावत असेल आणि ८ टक्के घालायचं असेल, तर २०० ग्रॅम मेण वितळवून त्यात १६ ग्रॅम तेल ओतू नका. तो माल २१६ होतो. २०० ला १.०८ ने भागा: १८५ ग्रॅम मेण, १५ ग्रॅम तेल. एका ग्लासाला १६ ग्रॅम म्हणजे काहीच नाही, पण पन्नास ग्लासांची ऑर्डर असेल तर ८०० ग्रॅम माल पातेल्यात उरतो. पहिल्या दिवाळीत आमचा असाच उरला आणि ते महागडं तेल घातलेलं मेण आम्ही पणत्यांत ओतून वाटून टाकलं.

सोया वॅक्स साधारण ६ ते १० टक्के तेल धरतं. नेमकी मर्यादा वॅक्स विकणाऱ्याला विचारा, प्रत्येक वॅक्सची वेगळी असते. साध्या पॅराफिनमध्ये मी ५ च्या वर जात नाही. जास्त घातलं की जास्त वास येतो हा समज मी पैसे घालवून मोडलाय. मोगऱ्याचं तेल १२ टक्के घातलं होतं. दुसऱ्या दिवशी मेणावर घामासारखे तेलाचे थेंब, आणि वात पेटवली की तेल पिऊन मिणमिणायची आणि विझायची. आपल्या दहा बाय दहाच्या खोल्यांना ६ टक्के भरपूर होतात. तिथूनच सुरुवात करा. तेल घालताना मेण ८० अंशांच्या आसपास असू द्या, दोन मिनिटं सावकाश ढवळा, आणि भरलेले ग्लास आठ-दहा दिवस झाकून ठेवा. दुसऱ्याच दिवशी पेटवून "वासच नाही" म्हणू नका.

साबणाचं गणित वेगळं, कारण तो अंगाला लागतो. तुमच्या ग्लिसरीन बेसला १ ते २ टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम. पुढे कधी कॉस्टिकचा साबण केलात, म्हणजे तेलात कॉस्टिक सोडा आणि पाणी घालून मुळापासून केलेला, तर तिथे टक्के फक्त तेलांच्या वजनावर काढतात: १ किलो खोबरेल वगैरे तेलांना ३ टक्के म्हणजे ३० ग्रॅम. कॉस्टिक आणि पाणी धरून घाणा १४५० ग्रॅमच्या आसपास जातो, त्यामुळे तेच ३० ग्रॅम ओल्या साबणात २ टक्क्यांच्या थोडे वर होतात. वाळताना पाणी उडालं की आणखी थोडे वाढतात.

हे का सांगतेय? कारण सुगंधी तेलाबरोबर जे इफ्रा (सुगंधी द्रव्यांच्या सुरक्षित वापराच्या मर्यादा ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) सर्टिफिकेट मिळतं, त्यातला आकडा तयार मालाच्या वजनावर असतो. साबणासाठी त्यात कॅटेगरी ९ बघा, मेणबत्तीसाठी १२. तो आकडा म्हणजे वरची हद्द आहे, कृती नाही. बाराव्या रकान्यात १०० टक्के लिहिलेलं दिसलं तरी मेण तेवढं पिणार नाही. आणि नवव्यात १.५ असेल तर साबणात १.५ च्या वर जायचं नाही, वास कितीही मंद वाटो. सर्टिफिकेट मागितल्यावर दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या तर ते तेल साबणात घालू नका. बाजारात अगरबत्तीसाठीचे सेंटही तशाच बाटल्यांत मिळतात. केकचा व्हॅनिला इसेन्स तर दोन्हीकडे नको, त्यात पाणी आणि अल्कोहोल असतं, मेणात ते मिसळतच नाही.

टक्के बरोबर असूनही फसायला होतं ते वेगळंच. एका गुलाबाच्या तेलाने माझा कॉस्टिकचा घाणा मिनिटभरात शिऱ्यासारखा घट्ट झाला, उलथनं त्यात उभं राहिलं. मग हाताने थापून साच्यात भरला. फुलांची बरीच तेलं आणि लवंग-दालचिनी हा प्रकार करतात. व्हॅनिलाचा अंश असलेलं तेल साबणाला चहाचा रंग आणतं.

काटा मात्र चांगला घ्या. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमचा काटा किलोच्या घाण्याला चालतो. पण १०० ग्रॅम बेसचा नमुना करताना २ ग्रॅम तेल लागतं, आणि तिथे एका ग्रॅमची चूक म्हणजे निम्मी चूक. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणा.

जुलैत ग्लिसरीनच्या साबणावर थेंब दिसले की लोकांना वाटतं तेल जास्त झालं. बहुतेक वेळा ते मुंबईच्या हवेतलं पाणी असतं, ग्लिसरीन ओढून घेतं. कागदाने टिपा आणि कागद पंख्याखाली ठेवा. डाग वाळून गेला तर पाणी. साबण गार झाल्या झाल्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळत जा. भज्यांखालच्या पेपरसारखा डाग राहिला तर तेल आहे, पुढच्या घाण्याला अर्धा टक्का कमी करा.