वाचकांचे प्रश्न : गांजा, कायदा आणि उपचाराची खाट

अमली पदार्थ आणि कायदा या विषयावर नागपुरातून आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. कायद्याची बाजू फौजदारी वकिलीतल्या जाणकारांनी लिहिली आहे आणि उपचाराची बाजू व्यसनमुक्तीत काम करणाऱ्या डॉक्टरांनी.

पोरगा इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणून राहिला की पोर्तुगालमध्ये सगळं लीगल झालं आणि काही बिघडलं नाही. मग आपल्याकडेच काय अडचण? (एक वडील, प्रतापनगर)

पोर्तुगालमध्ये लीगल झालेलं नाही. माल विकणारा तिथे आजही तुरुंगात जातो. १ जुलै २००१ पासून बदल झाला तो स्वतःपुरता माल बाळगणाऱ्यासाठी. साधारण दहा दिवस पुरेल इतका साठा सापडला, तर फौजदारी खटला होत नाही. हा साठा म्हणजे २५ ग्रॅम गांजा, ५ ग्रॅम चरस, २ ग्रॅम कोकेन किंवा १ ग्रॅम हेरॉइन. त्याहून जास्त सापडलं की विक्रीचा संशय येतो.

पण पोलीस सोडून देत नाहीत, हे मुलाला जरूर सांगा. पुडी जप्त होते आणि ७२ तासांच्या आत तीन जणांच्या समितीपुढे हजर व्हावं लागतं. या समितीत कायद्याचं माणूस असतं, तसंच मानसशास्त्र, वैद्यक किंवा समाजकार्यातलंही असतं. किती दिवसांपासून घेतोस, एकटा घेतोस की मित्रांत, झोप लागते का, कामावर जातोस का, अशी चौकशी होते. पहिल्यांदाच सापडलेला आणि व्यसन न जडलेला असेल, तर प्रकरण तात्पुरतं थांबवतात. व्यसनी माणसाला दंड करायचाच नाही, असा नियम आहे, कारण दंडाचे पैसे तो घरातूनच उचलणार. त्याला उपचाराकडे वळवतात आणि जागा मिळवून देतात.

सुईने नशा करणाऱ्यांना स्वच्छ सुया वाटण्याचं काम तिथे १९९३ पासूनच चालू होतं. हेरॉइनऐवजी देखरेखीखाली दिल्या जाणाऱ्या मेथाडोन या औषधाचे उपचारही वाढवले होते. २००१ मध्ये सुईने नशा करणाऱ्यांत एचआयव्हीच्या नव्या नोंदी हजाराच्या आसपास होत्या. दशकभरात त्या शंभराच्या खाली आल्या. हे यश एकट्या कायद्याच्या खात्यात टाकणं चूक ठरेल.

मग अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये हेच का फसलं? (एक शिक्षिका, धरमपेठ)

ओरेगॉनने कागद तोच घेतला, मधला माणूस मात्र घेतला नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये लोकांनी मतदान करून बदल मंजूर केला आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून तो लागू झाला. थोडा माल सापडला तर १०० डॉलरची पावती फाडायची. एका हेल्पलाइनला फोन करून आरोग्य-तपासणी करून घेतली, की तो दंडही माफ. पोर्तुगालमध्ये माणूस समितीसमोर बसतो. इथे त्याच्या हातात नुसती पावती होती. फोन करणारे अगदी थोडे निघाले आणि दंड न भरणाऱ्याच्या मागे कुणी लागत नव्हतं.

दुसरी चूक क्रमाची होती. गुन्हा आधी काढला आणि उपचार केंद्रांचा पैसा वर्षाहून अधिक काळ रखडला. एखाद्याने खरंच 'मला सोडायचं आहे' म्हटलं, तर पाठवायचं कुठे? नेमक्या त्याच काळात पश्चिम किनाऱ्यावर फेंटानिल हे हेरॉइनपेक्षाही जहाल द्रव्य पसरलं, त्यामुळे तिथल्या सगळ्या मृत्यूंचं खापर या कायद्यावर फोडता येत नाही. पण रस्त्यावर उघड नशा दिसू लागली तसा लोकांचा संयम सुटला आणि १ सप्टेंबर २०२४ पासून माल बाळगणं पुन्हा गुन्हा झालं.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. पोलिसाने पकडल्यापासून डॉक्टरने तपासेपर्यंत किती तास जातात, हे आधी मोजा. ते तास कमी करण्याची सोय नसेल, तर कायदा सैल करू नका. ती सोय असेल, तर पुडीभर गांज्यासाठी विशीतल्या पोराला कोठडीत टाकण्यात कुणाचंच भलं नाही.

सरकारी दुकानातून गांजा विकला तर कर मिळेल आणि चोरटा धंदा बंद पडेल, असं म्हणतात. खरं आहे का? (एक व्यापारी, इतवारी)

कर मिळतो. चोरटा धंदा आकसतो, पण बंद पडत नाही. कर चढा ठेवला की गिऱ्हाईक जुन्या विक्रेत्याकडे परत जातं, आणि उतरवला की माल स्वस्त होऊन खप वाढतो. या कात्रीतून अजून कुणी पूर्ण सुटलेलं नाही.

खरा घोळ होतो तो खाण्याच्या मालात. कोलोरॅडोत १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली. तिथे मिळणाऱ्या चॉकलेटच्या एका वडीत १०० मिलिग्रॅम टीएचसी असे, म्हणजे गांज्यातलं मुख्य नशेचं द्रव्य. नवख्या माणसाचा डोस १० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी, म्हणजे वडीचा एक बारका चौकोन. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो, खाल्लेला चढायला अर्धा ते दोन तास लागतात. माणूस चौकोन खातो, अर्धा तास वाट बघतो, 'काहीच होत नाही' म्हणून उरलेली वडी संपवतो. मग छाती धडधडते, जीव घाबरतो, उलट्या होतात आणि दवाखाना गाठावा लागतो. लहान मुलांना तर ते नुसतं चॉकलेट दिसतं. म्हणून पुढे प्रत्येक चौकोन वेगळा तोडता येईल असा हवा, त्यावर खूण हवी, प्राण्या-फळांच्या आकाराच्या गोळ्या नकोत, असे नियम आले. कॅनडाने २०१९ मध्ये खाण्याचा माल खुला करताना एका अख्ख्या पाकिटालाच १० मिलिग्रॅमची मर्यादा घातली.

जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून गांजा मोकळा केला, पण दुकानं उघडलीच नाहीत. तिथे घरी तीन झाडं चालतात किंवा जास्तीत जास्त ५०० सभासदांचा, नफा न कमावणारा क्लब. १८ ते २१ वयाच्या सभासदाला महिन्याला ३० ग्रॅमच मिळतो आणि त्यात टीएचसी १० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. जाहिरात करून खप वाढवण्यात कुणाचाच फायदा नाही, म्हणून हा मार्ग आम्हाला जास्त समंजस वाटतो. थायलंडने उलटं केलं. जून २०२२ मध्ये गांजा यादीतून काढला, पण दुकानांचे नियम तयार नव्हते. गल्लोगल्ली दुकानं झाली आणि जून २०२५ मध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घालावी लागली.

हे सगळं गांज्याबद्दल झालं. एमडीच्या, म्हणजे मेफेड्रोनच्या, पावडरला हा हिशोब लावू नका. सुरक्षित डोस छापून दुकानात मांडावी अशी ती वस्तू नाही.

शेजारच्या वर्ध्यात इतकी वर्षं दारूबंदी आहे, तरी दारू मिळतेच. मग बंदीचा उपयोग काय? (एक वाचक, हिंगणा)

बंदीने पुरवठा संपत नाही, हे खरं. पण दारूचंच उदाहरण पुढे न्या. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारू घेणारे १४.६ टक्के होते आणि भांग, गांजा, चरस मिळून २.८ टक्के. एवढ्या फरकाला परंपरा आणि पैसा अशी इतर कारणंही आहेत, पण कोपऱ्यावर दुकान असणं हे त्यांतलं मोठं कारण आहे. महाराष्ट्रात बिअरला २१ वर्षांची आणि कडक दारूला २५ वर्षांची अट आहे. काउंटरवर वयाचा दाखला कितीदा मागितला जातो, ते आपल्याच भागात एकदा पाहून या. गांज्याचं दुकान उघडलं, तर तिथेही दाखला मागायला माणूस लागेलच.

पुतण्याजवळ २० ग्रॅम गांजा सापडला. रोज ओढतो, हे आता कळलं. काय करावं? (एक काका, मानेवाडा)

काका, आधी वजन समजून घ्या. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यात गांज्याची 'अल्प मात्रा' १ किलोपर्यंत आहे आणि २० किलोच्या वर 'व्यापारी मात्रा' धरतात. २० ग्रॅम म्हणजे अल्प मात्रा. तिला एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. जामिनाच्या कलम ३७ मधल्या खास कडक अटी इथे लागत नाहीत. जप्तीच्या पंचनाम्यात वजन काय लिहिलं आहे आणि पानं-बिया त्यात धरल्या आहेत का, हे वकिलाला बघू द्या.

आता महत्त्वाचं कलम ६४-अ. अल्प मात्रेत सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. ते अर्ध्यावर सोडलं तर संरक्षण काढून घेता येतं, आणि इथेच बहुतेक घरं चुकतात. दोन आठवड्यांत पोरगा सुधारला असं वाटतं आणि पुढच्या तारखेला कुणी जात नाही. नागपुरातल्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात, किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात न्या. खाजगी केंद्रात नेणार असाल, तर आधी मान्यतेचा कागद बघा. केसपेपर, भेटींच्या तारखा, लघवीच्या तपासण्या एका फाइलीत लावा. रोज ओढणाऱ्याची तपासणी सोडल्यानंतरही महिनाभर पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून एका अहवालावरून त्याला खोटं ठरवू नका.

सोडल्यावर एक-दोन दिवसांत चिडचिड, घाम, झोपमोड सुरू होते, भूक जाते. पहिला आठवडा सगळ्यात कठीण, दोन-तीन आठवड्यांत बरंच ओसरतं. त्या दिवसांत घरात भांडण काढू नका. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेत असेल, तर घरी एकदम बंद करू नका. त्यात आकडी येऊ शकते, डॉक्टरच्या देखरेखीखालीच कमी करावं. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं, तर १४४४६ हा सरकारी व्यसनमुक्ती क्रमांक मोफत आहे.

महाशिवरात्रीची भांग कायदेशीर आहे ना? (एक वाचक, महाल)

एनडीपीएसमध्ये फुलोरा आणि शेंडे येतात. नुसती पानं त्या व्याख्येबाहेर आहेत. पण महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदाही लागू आहे आणि त्यानुसार परवान्याशिवाय भांग करणं, बाळगणं, घेणं चालत नाही. कुणी सणात पाजलीच, तर ती खाल्लेल्या गांज्यासारखीच उशिरा चढते. दुसरा पेला नको, आणि त्या रात्री गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हातात द्या.