घरच्या घरी गाडीच्या इंजिनची स्वच्छता कशी करावी?

तुम्ही विचारले आहे की, सात वर्षांच्या पेट्रोल गाडीचे बॉनेट उघडून आतला भाग मिरजेतल्या घरीच धुतला तर चालेल का, आणि पाण्याचा पाइप थेट मारल्यास काही बिघडेल का. मी सांगलीत राहतो, कामानिमित्त रोज पलूसच्या बाजूला गाडीने जातो आणि गेली काही वर्षे हे काम स्वतःच्या हाताने करतो. स्वच्छता घरी अवश्य करावी, पण पाइप मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत अनुभवातून झाले आहे. गाडी नवी असताना मी ती एका वॉशिंग सेंटरवर दिली होती आणि तिथे इंजिन जोराच्या फवाऱ्याने वरपासून खालपर्यंत धुतले गेले. गाडी चकचकीत दिसत होती, पण घरी पोहोचेपर्यंत इंजिन मिसिंग करू लागले, म्हणजे अडखळत चालू लागले, आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मिस्त्रींनी ठिणगीसाठी वीज पुरवणारी कॉइल उपसून काढली, तेव्हा स्पार्क प्लग ज्या खोलगट नळीत बसतो तिच्या तळाशी बोटभर पाणी साचलेले दिसले. वरचे रबर पावसाचे शिंतोडे अडवते, मात्र दाबाने आलेले पाणी त्याच्या कडेने आत शिरते आणि मग त्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. वायरींच्या जोडण्या, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे यंत्र) आणि फ्यूज बॉक्स यांचेही तसेच आहे. तिथल्या पिना हळूहळू हिरव्या पडतात, बिघाड दोन-तीन महिन्यांनी उघड होतो आणि तोपर्यंत त्या धुण्याची आठवणही राहिलेली नसते.

आपल्याकडे वर्षातून दोन वेळा ही स्वच्छता पुरेशी होते, असे मला वाटते. उसाचा हंगाम संपल्यावर एकदा करावी आणि पावसाळा सरल्यावर दिवाळीच्या सुमारास दुसऱ्यांदा करावी. हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागून चालताना पाचटाचा भुगा बॉनेटखाली येऊन बसतो, आणि शेतात पाचट पेटवलेले असेल तर त्याची काळी राखही येते. काळ्या मातीची बारीक धूळ तेलकट जागी चिकटली की तिची लापशीसारखी पुटे चढतात. वाळलेले पाचट एक्झॉस्टच्या तापलेल्या भागाजवळ साचू देणे आगीच्या दृष्टीने धोक्याचे आहे, म्हणून ते दिसेल तेव्हा लगेच काढावे, सहा महिन्यांची वाट पाहू नये.

काम सकाळी, रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर, किल्ली काढून ठेवून करावे, कारण काही गाड्यांत रेडिएटरचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो. आधी कोरडी स्वच्छता करावी. रंगाचा जुना मऊ ब्रश, टूथब्रश आणि हवा मारण्याचा लहान ब्लोअर एवढ्यात निम्म्याहून अधिक घाण निघते. वायपरखालच्या जाळीत कडुलिंबाची आणि गुलमोहराची पाने साचतात. ती हाताने काढावीत, कारण तिथली पाणी वाहून जाण्याची छिद्रे तुंबली की पावसाचे पाणी गाडीच्या आत पायापाशी उतरते. त्यानंतर डिग्रीझर, म्हणजे तेलकट घाण सोडवणारा द्रव, बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात पातळ करून तो इंजिनावर न फवारता ब्रशवर किंवा फडक्यावर घ्यावा, तेलकट जागा घासाव्यात आणि ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याने दोन वेळा पुसून घ्याव्यात. रॉकेल किंवा डिझेल वापरू नये. त्याने रबराचे पाइप फुगून सैल पडतात आणि पेट घेण्याची भीती राहते. कॉस्टिक सोडा असलेली पावडरही टाळावी, ती ॲल्युमिनियम खाते. प्लास्टिकला चमक आणणारा सिलिकॉनचा स्प्रे इंजिनच्या रबरी पट्ट्यावर (बेल्टवर) उडाला तर पट्टा घसरून किंचाळू लागतो, म्हणून तो मी वापरतच नाही. काम सुरू करताना फडकी मोजून घ्यावीत आणि शेवटी तेवढीच हातात आहेत ना, हे पाहावे.

बॅटरीकडे मी सर्वांत जास्त वेळ देतो. टर्मिनलवर पांढरट-हिरवा भुरा फुललेला असेल, तर दहा नंबरच्या पान्याने आधी ऋण आणि नंतर धन टर्मिनल सोडवावे. हा क्रम उलटा केला आणि धन टर्मिनलवरचा पाना चुकून गाडीच्या पत्र्याला टेकला, तर मोठी ठिणगी पडते. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून तो टूथब्रशने लावला की भुरा फसफसतो आणि सुटतो; आम्ल निवल्याची ती खूण असते. सोडा बॅटरीच्या आत जाऊ न देता सगळे पुसून कोरडे करावे, आधी धन आणि शेवटी ऋण टर्मिनल जोडावे आणि वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. घड्याळ आणि रेडिओ पुन्हा लावावे लागतात, तेवढीच अडचण. हातमोजे आणि चष्मा मात्र हवाच.

एअर फिल्टरचा डबा प्रत्येक वेळी उघडून पाहावा. एका हिवाळ्यात माझ्या गाडीच्या डब्यात भुईमुगाच्या टरफलांचा ओंजळभर ढीग आणि फिल्टरच्या कागदाला अंगठ्याएवढे कुरतडलेले भोक सापडले होते. गाडी तीन आठवडे त्याच भोकातून धूळ ओढत होती. कागदी फिल्टर धुऊ नये; बदलावा. उंदरांची लेंडी दिसली तर कोरडी झाडू नये, कारण त्यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. तोंडाला मास्क लावावा, जंतुनाशकाने ओली करावी आणि मग पुसावी. डांबराच्या गोळ्या आणि तंबाखूची पाने मी दोन्ही वापरून पाहिली. वास उडाला की उंदीर परत येतात. गाडी धान्याच्या पोत्यांपासून आणि उकिरड्यापासून दूर उभी करणे आणि एका जागी आठवडेच्या आठवडे न ठेवणे यांचाच खरा उपयोग झाला.

रेडिएटरच्या पात्या इतक्या नाजूक असतात की बोटाने दाबल्या तरी वाकतात, म्हणून मऊ ब्रश पात्यांच्या दिशेनेच फिरवावा. कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी बाहेरच्या टाकीवरच्या दोन खुणांमध्ये असावी, आणि ती कमी झाल्यास बोअरचे पाणी न ओतता तयार कूलंट घालावे, कारण क्षाराचे पाणी आत थर धरते. इंजिन गरम असताना झाकण उघडू नये.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा अनेकांनी पुरातून काढलेल्या गाड्या धुऊन लगेच सुरू केल्या. ती स्वच्छता घरी करण्यासारखी नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबले जात नाही आणि पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी किल्लीही न फिरवता गॅरेजला ओढून न्यावी.

सगळे झाल्यावर बॉनेट अर्धा तास उन्हात उघडे ठेवावे आणि मोकळ्या जागेत दहा मिनिटे इंजिन चालू ठेवावे. माझ्या दृष्टीने कामाचा खरा लाभ यानंतर मिळतो. आठ दिवसांनी टॉर्चच्या उजेडात तोच भाग पुन्हा पाहावा. मळलेल्या इंजिनावर तेल कुठून येते ते कळत नाही, पण पुसलेल्या धातूवर टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) कडेने उतरलेली केसाएवढी ओली रेघसुद्धा दिसते. मला ती मागच्या दिवाळीनंतर दिसली, आणि तेल खाली ठिबकायला लागण्याआधीच एक गॅस्केट (झाकणाखालची तेल अडवणारी पट्टी) बदलून काम भागले.