दोन थेंबांच्या मधलं पुस्तक

तुम्ही विचारलंय, सध्या कोणती पुस्तकं वाचताय आणि वाचायला वेळ कसा काढता. माझं सध्या एकच पुस्तक चालू आहे, तेही दहा-दहा मिनिटांनी.

महिन्यापूर्वी आईच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घालायच्या औषधाच्या तीन बाटल्या. एकीतला थेंब घातला की दुसरीतला घालण्याआधी दहा मिनिटं थांबायचं. पहिल्या दिवशी ती दहा मिनिटं आम्ही दोघींनी पंख्याकडे बघत काढली. दुसऱ्या दिवशी मी कपाटातून विष्णुभट गोडसे यांचं ‘माझा प्रवास’ काढलं आणि मोठ्याने वाचायला लागले.

विष्णुभट पेणजवळच्या वरसईचे. घरात कर्ज झालेलं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार असं कानावर आलं, म्हणून १८५७ साली चार पैसे दक्षिणा मिळवायला ते काकांबरोबर उत्तरेत निघाले, आणि नेमके बंडाच्या तोंडी सापडले. महूच्या वाटेवर शिपाई भेटतात, काडतुसांच्या गोष्टी सांगतात, पुढे जाऊ नका म्हणतात. हे जातातच. आई इथे फटकन म्हणाली, “कर्ज डोक्यावर असलेला माणूस परत कसा फिरेल गं?” मला एवढ्या वर्षांत हे सुचलं नव्हतं. मी आपली इतिहास म्हणून वाचत होते.

मला आवडतो तो त्यांचा सांगण्याचा सूर. पराक्रमाचा आव कुठेच नाही. कुठे काय जेवलो, किती दक्षिणा मिळाली, कोण कसं वागलं, सगळं एकाच आवाजात. पुढे झाशीत मुक्काम पडला तेव्हा झाशीची राणी त्यांना नेहमी दिसत होती, त्यामुळे तिचा व्यायाम, घोड्याची रपेट, कधी पायजमा घालून दरबारात येणं, हेही शेजारच्या घरातलं सांगावं तसं येतं. आणि त्याच सुरात १८५८चा वेढा, शहरातली कत्तल, लपून काढलेले दिवस. राजवाड्यातल्या ग्रंथालयाची नासधूस ते सांगतात, ते पान वाचताना माझाच आवाज अडला. त्या दिवशी दुसरा थेंब वीस मिनिटांनी घातला. (डॉक्टरांना सांगितलेलं नाही.)

सगळ्यात जास्त वेळ आम्ही विहिरीच्या प्रसंगावर घालवला. झाशी सोडल्यावर राणी त्यांना वाटेत पुन्हा भेटते, धुळीने माखलेली, तहानलेली. हे पाणी काढायला जातात तर ती अडवते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, माझ्यासाठी पाणी काढू नका, म्हणून स्वतःच दोर हातात घेते. मला यातला सोवळा मान आधी जरा खुपला होता. आईला नाही. तिचं लक्ष दोरावर. “घोड्यावरून उतरलेल्या बाईच्या हातांची काय अवस्था असेल,” एवढंच म्हणाली.

एक सांगते, घ्यायचं असेल तर आवृत्ती बघून घ्या. विष्णुभटांनी हे लिहून इतिहासकार चिंतामण विनायक वैद्यांकडे दिलं आणि ते त्यांच्या निधनानंतर १९०७ साली छापलं गेलं, तेव्हा वैद्यांनी बरेच फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी काढलेली आवृत्ती १९६६ची. आमच्याकडे दोन्ही आहेत. मी वैद्यांच्या प्रतीपासून सुरुवात केली, कारण ती सफाईदार वाटते. चार दिवसांत पोतदारांच्या प्रतीवर आले. ती मोठ्याने वाचताना जीभ अडखळते, पण माणूस समोर बसून बोलतोय असं वाटतं. शब्द अडला तर आई सांगते, तिलाही नाही कळला तर पुढे जातो.

बाकी उशाशी लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आहे, पुढच्या डोळ्यासाठी. फोनवर एक यशस्वी होण्याचं पुस्तक उघडलं होतं, तिसऱ्या प्रकरणात सोडलं.

सध्या परतीचा प्रवास चालू आहे. कमावलेलं बहुतेक लुटलं गेलंय, पण आईवडिलांना न्हाऊ घालायला गंगेची कावड घेऊन निघालेत. ती घरी पोचते हे प्रस्तावनेतच कळलं होतं. आईचं त्याने समाधान नाही. “कावड खाली टेकवायची नसते. मग हे रात्री झोपायचे कसे?” आज संध्याकाळच्या थेंबांना बघू.