पांढऱ्या रश्शात हळद

"मुलं एकमेकांच्या जिवावर उठलीत हो ताई. थँक्सगिव्हिंगला दोघंही घरी येणार म्हणून मला आनंद व्हायला हवा, तर पोटात गोळा येतोय."

२०२४च्या नोव्हेंबरच्या सुरुवातीला कोलंबसमधल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत बसून एक आई सांगत होती. मूळच्या कोल्हापूरच्या, ओहायोत येऊन बावीस वर्षं झालेली. मोठी मुलगी मिशिगन विद्यापीठात, धाकटा ओहायो स्टेटमध्ये. (त्यांच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

ही दोन विद्यापीठं म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधलं जुनं हाडवैर. पहिला सामना १८९७ सालचा. आता तो थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरातल्या अमेरिकन सणाच्या, गुरुवारनंतर येणाऱ्या शनिवारी होतो. घरोघरी फ्रिजमध्ये सणाला भाजलेली टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी) उरलेली असते आणि टीव्हीसमोर घराचे दोन तट पडलेले असतात. त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारात पाट्यांवरच्या ‘एम’ अक्षरावर लाल फुल्या मारतात. या बाईंच्या मुलानं आदल्या वर्षी फ्रिजवरच्या वाणसामानाच्या यादीत ‘मिल्क’चा ‘एम’सुद्धा खोडला होता. २०२१पासूनचे तिन्ही सामने मिशिगननं जिंकलेले, त्यामुळे बहीण येता-जाता भावाला तीन बोटं दाखवायची.

मला यात काळजीचं काही दिसेना, म्हणून मी ऐकत राहिले. मग खरी गोष्ट आली. त्यांच्या माहेरी दोन काका वाड्याच्या वाटणीवरून पंचवीस वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. "त्यांचंही आधी चेष्टेनंच सुरू झालं होतं," असं म्हणून त्यांनी डोळे पुसले.

चिडवणं कुठे संपतं आणि जिव्हारी लागणं कुठे सुरू होतं, हे मला बऱ्याच आया विचारतात. मी त्यांना त्यांच्याच गावात नेलं. "शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमींची फुटबॉल मॅच असली की घरात काय व्हायचं?" त्या पहिल्यांदा हसल्या. वडील एका तालमीचे, मामा दुसरीचे. आठवडाभर नुसती ईर्षा! आणि रात्री रस्सा एकाच पातेल्यातला. "मामा हरला की बाबा पहिली वाटी त्याला वाढायचे."

मी त्यांना घरचा अभ्यास दिला. मुलं घरी असतील ते चार दिवस मध्ये पडायचं नाही, फक्त वहीत लिहायचं. टोमण्यानंतर दोघंही हसतात का? पाळी दोघांचीही येते, की एकच जण ऐकून घेतो? ‘बास’ म्हटल्यावर थांबतं का? आणि बोलणं मैदानावरचं आहे, की ज्याचं मनात शल्य आहे अशा गोष्टीवरचं?

डिसेंबरात त्या वही घेऊन आल्या. एकेचाळीस नोंदी होत्या.

शुक्रवारचं पान मी पुन्हा पुन्हा वाचलं. टर्की चौदा पौंडांची, खाणारी माणसं चार. मांस गुरुवारीच, जेवणं झाल्यावर दोन तासांच्या आत सोडवून फ्रिजमध्ये ठेवलेलं. शुक्रवारी भावंडांनी हाडांचा सांगाडा आलं, लसूण, मिरे घालून मोठ्या पातेल्यात उकळत ठेवला. भावानं त्यातल्या अर्ध्याचा तांबडा रस्सा करायला घेतला, कारण लाल आपला, ओहायो स्टेटचा रंग. बहिणीनं पांढरा घेतला: काजू, तीळ, खसखस वाटून, वरून नारळाचं दूध. टर्कीच्या छातीचं मांस पुन्हा शिजवलं तर त्याचा चोथा होतो, म्हणून तिनं ते हातानं मोकळं करून शेवटी, गरम होण्यापुरतंच सोडलं. आणि भावाची पाठ वळल्याबरोबर पांढऱ्या रश्शात चमचाभर हळद टाकली. मिशिगनचा रंग मक्याचा पिवळा!

वहीत पुढे लिहिलंय: "पांढऱ्या रश्शात हळद! ओरडायला तोंड उघडलं, तुमचं आठवलं, मिटलं. तो ओरडला, ‘आई, हिनं पाप केलंय!’ दोघं ओट्याला टेकून हसत होती. मग तो दोन वाट्या प्यायला."

शनिवारी मिशिगन कोलंबसमध्येच, ओहायो स्टेटच्या घरच्या मैदानावर, १३-१० असं जिंकलं. सामना संपल्यावर मिशिगनच्या खेळाडूंनी मैदानाच्या मधोमध झेंडा रोवायचा प्रयत्न केला आणि दोन्ही संघांत हाणामारी जुंपली. पोलिसांना मिरचीचा फवारा (पेपर स्प्रे) मारावा लागला. ते पडद्यावर बघून आईच्या छातीत धस्स झालं. मुलीनं टीव्ही बंद केला. यंदा चार बोटं दाखवायची होती, ती दाखवली नाहीत. आत जाऊन रस्सा गरम केला आणि पहिली वाटी भावापुढे ठेवली.

शेवटची नोंद रविवारची, खाली दोनदा रेघ मारलेली. जेवताना बाबा मुलाला म्हणाले, "शेवटी मिशिगन ते मिशिगन. तुझं तिथं झालं नाही ते नाहीच." मुलगा ताटावरून उठला. मुलगी वडिलांना म्हणाली, "बाबा, हे तुम्ही बोलायचं नाही."

चाळीस टोमणे मैदानावरचे होते आणि दोघं एका पातळीवर उभी राहून ते मारत होती. एकेचाळिसावा वरून आला होता. त्याला मुलाकडे उत्तरच नव्हतं. नाकारल्याच्या पत्राचं शल्य त्यानं दोन वर्षं मनात दाबून ठेवलं होतं आणि ते फक्त बहिणीला ठाऊक होतं, म्हणून तिनं इतकं चिडवूनही त्या जागेला कधी हात लावला नव्हता. वडिलांच्या मनात वाईट नव्हतं, तेही मुलांच्या खेळात शिरू पाहत होते. पण आईबाप चेष्टा करू लागले की त्यात निकाल ऐकू येतो. मुलं एकमेकांचं हसून सोडून देतात, आपलं देत नाहीत. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता आधी मोठ्यांच्या वाक्यांची चौकशी करते.

वही वाचून झाली तशा त्या म्हणाल्या, "म्हणजे मी उगाच पोरांकडे बघत बसले."

"उगाच नाही. बघितलंत म्हणून सापडलं."

पुढच्या भेटीला वडील एकटेच आले. कोट न काढताच बसले आणि विचारलं, "सॉरी फोनवर म्हणू, की भेटून?" मी म्हटलं, भेटून. "मी गंमत केली होती" असं शेपूट न जोडता, फक्त जे बोललात त्याबद्दल. मुलाचं हॉस्टेल घरापासून वीस मिनिटांवर होतं. थँक्सगिव्हिंगच्याच आठवड्यात फ्रीझरमध्ये टाकलेला रस्सा अजून शिल्लक होता, तो डब्यातून नेतो म्हणाले.

दारापाशी जाऊन थांबले. "तांबडाच नेतो."