कंबर धरलेली असताना बाल्कनीत वर्कशॉप: आधी बेंचची उंची

मुलुंडचा फ्लॅट, 9 बाय 5 फुटांची बंदिस्त बाल्कनी, तुमची उंची 5 फूट 6 इंच, एल4-एल5चा (कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमधला) जुना त्रास, आणि बाल्कनीत वर्कशॉप थाटताना पहिलं मशीन कोणतं घ्यायचं, हा तुमचा प्रश्न. मशीन जरा बाजूला ठेवा. कमरेचा काटा ढिला होतो तो वाकून काम केल्याने आणि सामान उचलताना. म्हणून पहिला खर्च बेंचवर.

काम करताना ज्या चपला घालणार त्या घालून ताठ उभे राहा, कोपर काटकोनात वाकवा आणि जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांगा. स्वतः टेप धरायला गेलात की खांदा झुकतो आणि माप चुकतं. तुमच्या उंचीला ते 41-42 इंचांच्या आसपास येईल. जुळणी, ड्रिलिंग, स्क्रू मारणं या कामांना बेंच कोपराच्या 5-6 इंच खाली, म्हणजे 36 इंच. हाताने रंधा मारायला अंगाचं वजन वरून पडावं लागतं, तिथे 34 बरं. पण रंधा रोजचा नसेल तर 36च ठेवा. बारीक काम, आखणी, सोल्डरिंग यांसाठी 6 इंच उंचीचा प्लायचा खोका करून वर सी-क्लॅम्पने आवळा. 4 इंची व्हाइसचे (बेंचला बसवायचा, वस्तू आवळून धरणारा शिकंजा) जबडे बेंचपासून साधारण 5-6 इंच उंचीवर येतात, म्हणजे 36च्या बेंचवर ते थेट कोपराच्या रेषेत. कानस मारायला हवं तेच. तरी दुकानात टेप लावून खात्री करा.

प्लाय 19 मिमीचा, बीडब्ल्यूपी म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या ग्रेडचा, आयएस 710 या मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का बघून. 8 बाय 4ची अख्खी शीट 35 किलोच्या पुढे जाते आणि बऱ्याच इमारतींच्या लिफ्टमध्ये शिरतही नाही. दुकानातच 4 बाय 2चे चार तुकडे करून घ्या, प्रत्येकी 9-10 किलो. दोन तुकडे एकमेकांवर चिकटवून 38 मिमीचा पृष्ठभाग, तिसरा खालचा कप्पा, चौथा भिंतीवर औजारं टांगायला. चिकटवताना फेविकॉल मरीन दातेरी पत्र्याने सगळीकडे पसरवा, नुसती मधोमध रेघ ओढून भागत नाही. खालून 30-32 मिमीचे स्क्रू सहा-सहा इंचांवर मारा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावू नका. कडांना प्रायमर नक्की, पावसाळ्यात प्लाय फुगायला सुरुवात तिथूनच होते.

सांगाडा 40 बाय 40 मिमी, 2 मिमी जाडीच्या चौकोनी लोखंडी पाइपचा. बाल्कनीची फरशी पाणी जाण्यासाठी उतरती असते, त्यामुळे कोणतंही टेबल तिथे तिरकं उभं राहतं. वेल्डरकडून चारही पायांना तळाशी नट लावून घ्या आणि त्यात एम12चे (12 मिमी जाडीचे) लेव्हलिंग बोल्ट फिरवा, म्हणजे प्रत्येक पायाची उंची कमी-जास्त करता येते. चाकं लावू नका. ब्रेक लावले तरी करवतीच्या झटक्याने बेंच सरकतो आणि तो ताण कंबर सोसते. एक पाय ठेवायला खाली 5 इंचांवर आडवी पट्टी घ्या. बराच वेळ उभं राहायचं तर पाय आलटून पालटून तिच्यावर ठेवला की कंबर मोकळी राहते. बसायचं स्टूल 26 इंची.

वजनदार वस्तू गुडघा ते छाती या पट्ट्यातच. ग्राइंडर, ड्रिलची पेटी, खिळ्यांचे डबे कमरेच्या उंचीला. खालच्या कप्प्यात फक्त महिन्यातून एकदा लागणारं. लोक नेमकं उलटं करतात, जड म्हणून तळाशी ढकलतात.

आता मशीन. 12 व्होल्टचं बॅटरी ड्रिल, वजन किलोभर. त्याचा क्लच (ठरावीक जोरानंतर पीळ थांबवणारी आकड्यांची कडी) आधी हलका ठेवा, स्क्रू बसेना तर एकेक आकडा वाढवा. क्लच पूर्ण आवळला की बिट अडकल्यावर सगळा पीळ मनगटात येतो. वायरच्या मशीनला 16 अँपियरचा सॉकेट आणि त्या लाइनवर 30 मिलिअँपियरचं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. हे विजेचं सामान दक्षिण मुंबईतल्या लोहार चाळीच्या बाजारात मिळेल, व्हाइस तिथल्याच नागदेवीच्या औजार बाजारात. मात्र व्हाइस पिशवीत घालून मस्जिद बंदरहून लोकलने आणू नका, टेम्पोने मागवा.

सलग 20-25 मिनिटांच्या वर एकाच स्थितीत काम नको. पायात मुंग्या उतरू लागल्या तर त्या दिवसाचं काम तिथेच थांबवा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. कमरेचा पट्टा बांधून पुढे रेटू नका. ठोकाठोकी दुपारी 2 ते 4 टाळा, बहुतेक सोसायट्यांत ती वेळ शांततेची असते. जून ते सप्टेंबर पटाशी, रंध्याचं पातं, व्हाइसचा स्क्रू यांना दर आठवड्याला शिलाई मशीनच्या तेलाचं फडकं फिरवा. गंजलेला व्हाइस आवळायला दुप्पट जोर लागतो, आणि तो जोर पुन्हा कमरेतूनच येतो.